एडिसनचं पत्र आणि एडिसनची स्थळप्रत

थॉमस एडिसनची कागदपत्रं वाचायला बसलेला माणूस सुरुवातीला हमखास एका जागी चकतो. समोर पुसट पान असतं, खाली सही असते, आणि तो त्याला मूळ पत्र समजतो. बहुतेक वेळा ती स्थळप्रत असते, म्हणजे पाठवलेल्या पत्राची दप्तरात ठेवलेली नक्कल.

मूळ पत्र टपालाने गेलं. टिकलं असेल तर ते ज्याला मिळालं त्याच्याकडे असेल. एडिसनच्या दप्तरात, म्हणजे आज न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजला, राहिल्या त्या जावक पत्रांच्या वह्या. त्यांची पानं पातळ टिश्यूची. लिहिलेल्या पत्रावर ओलसर पान ठेवून दाबयंत्रात दाबलं की थोडी शाई त्यात उतरायची. अक्षरं उलटी उमटत, पण कागद इतका झिरझिरीत की दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता येत. ही युक्ती वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटची, पेटंट १७८० चं.

त्यामुळे इथे नकलनवीसाच्या चुकीची भीती नाही. शाई आणि वळण दोन्ही मूळ पत्राचंच. फक्त पाणी जास्त झालं की अक्षर फुटतं, कमी पडलं की ओळीच्या ओळी गायब. पत्राच्या माथ्यावरचा छापील मजकूरही उतरत नाही, आणि स्थळप्रत ओळखायची ही चांगली खूण आहे. या वह्यांना दमट हवा आणि उजेड दोन्ही घातक. फोटो घेताना पानाखाली कोरा पांढरा कागद सरकवावा लागतो, नाहीतर पुढच्या पानाची अक्षरं वर येऊन मिसळतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तिसरीच वस्तू: आवक पत्र. एडिसन पुष्कळदा आलेल्या पत्राच्या समासातच दोन-चार शब्दांत उत्तर खरडायचा. त्यावरून रीतसर पत्र तयार करायचा त्याचा चिटणीस. १८८१ पासून काही वर्षं हे काम सॅम्युअल इन्सल करत होता. म्हणजे स्थळप्रतीतली सभ्य वाक्यं चिटणिसाची असू शकतात आणि एडिसनचा खरा शब्द दुसऱ्याच्या पत्रावर पडलेला असतो. रटगर्स विद्यापीठात १९७८ पासून हे दप्तर संपादित होतंय. पानं सुमारे ५० लाख, तेव्हा आवक पत्र आणि त्याच्या उत्तराची स्थळप्रत यांच्या जोड्या लावणं किती चिकाटीचं काम असेल!

मूळ पत्र कुठे सापडलंच, तर ते स्थळप्रतीशेजारी ठेवून शेवटपर्यंत वाचावं. दाबून झाल्यावर हाताने जोडलेला ताजा कलम फक्त मूळ पत्रातच असतो.