पार्श्वभूमी : एकाच जमातीचा डेक

'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात नव्याने आलेला खेळाडू पहिला डेक, म्हणजे खेळायच्या पानांचा गठ्ठा, बांधतो तेव्हा बहुतेकदा पानांवरच्या प्राण्यांची एकच जमात धरतो. सगळे गॉब्लिन, सगळे एल्फ, नाहीतर सगळे ड्रॅगन. हा मोह पहिल्या दिवसापासून खेळातच पेरलेला होता. अशा डेकने जिंकावं अशी सोय मात्र खेळ बनवणाऱ्यांनी बरीच उशिरा केली.

खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड गणिताचे माणूस, कॉम्बिनेटोरिक्समधले पीएचडी. 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीच्या पीटर ॲडकिसन यांच्याकडे ते आधी 'रोबोरॅली' हा पटावरचा खेळ घेऊन गेले होते. ॲडकिसन यांना हवा होता खिशात मावणारा आणि चटकन संपणारा काहीतरी. त्यातून ऑगस्ट १९९३ मध्ये मॅजिक बाजारात आला. पहिल्या संचातल्या २९५ पानांत तीन सरदार होते : गॉब्लिन किंग, लॉर्ड ऑफ अटलांटिस आणि झॉम्बी मास्टर. सरदार पटावर आला की त्याची जमात बळावणार, अशी कल्पना. पण बळ द्यायला फौज होती कुठे? लॉर्ड ऑफ अटलांटिसच्या मर्फोक जमातीचं त्या संचात एकच पान होतं. गॉब्लिनांकडे होते मॉन्सेस गॉब्लिन रेडर्स, म्हणजे गारफिल्ड यांचे मित्र मॉन्स जॉन्सन यांच्या नावाचं पान. किंमत एक लाल माना (माना म्हणजे जमिनीच्या पानांतून मिळणारी, पानं खेळायला खर्चायची शक्ती), एक ताकद, एक जीव, बाकी काही नाही. त्यात गंमत अशी की खुद्द गॉब्लिन किंगची गणना तेव्हा गॉब्लिनांत होत नव्हती.

त्या काळात एका पानाच्या किती प्रती घ्याव्यात यालाही बंधन नव्हतं. प्लेग रॅट्स या पानाची ताकद पटावर जितके प्लेग रॅट्स असतील तितकी. मग काय, लोकांनी उंदीर आणि दलदलीच्या जमिनी यांचेच डेक बांधले. १९९४ मध्ये स्पर्धांसाठी किमान साठ पानं आणि एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती हा नियम आला. साध्या जमिनी तेवढ्या त्यातून सुटल्या.

नोव्हेंबर १९९४ च्या 'फॉलन एम्पायर्स'मध्ये थ्रल, थॅलिड, होमॅरिड अशा जमातींची रेलचेल झाली. पण पानं बहुतेक दुबळी, आणि संच छापला इतका की दुकानांत पडून राहिला. जमातीच्या डेकचं खरं यंत्र दिसलं ते १९९७ च्या 'टेम्पेस्ट' संचातल्या स्लिव्हर या जमातीत. ही माइक इलियट यांची कल्पना. इथे सरदार वेगळा नाही, प्रत्येक स्लिव्हर आपला गुण सगळ्या स्लिव्हरांना वाटतो. एक आला की सगळे उडू लागतात, दुसरा आला की सगळ्यांची ताकद वाढते. समोरच्याकडे स्लिव्हर असले तर त्यांनाही तोच लाभ व्हायचा. २०१३ मध्ये कंपनीने नव्या स्लिव्हरांचा गुण मालकापुरता ठेवला. खेळ सोपा झाला हे खरं, पण स्लिव्हर विरुद्ध स्लिव्हर या डावातली सगळी मजा त्या फुकट फायद्यातच होती, असं माझं मत.

ऑक्टोबर २००२ मध्ये 'ऑन्सलॉट' आला आणि अख्खी मालिकाच जमातींभोवती रचली गेली. गॉब्लिन डेक तेव्हा किती धारदार झाला हे एका डावातून कळतं. पहिल्या पाळीला एका मानाचा गॉब्लिन लॅकी, हे १९९८ चं पान. दुसऱ्या पाळीला लॅकी वार करतो. कोणी अडवलं नाही तर समोरच्या खेळाडूचा एक जीव जातो, आणि लॅकीच्या गुणामुळे हातातला कुठलाही गॉब्लिन फुकट पटावर येतो. समजा आला पाच मानांचा सीज-गँग कमांडर, जो सोबत तीन छोटे गॉब्लिन आणतो. तो फुकट आल्याने त्या पाळीच्या शिल्लक राहिलेल्या दोन मानांत गॉब्लिन पाइलड्रायव्हर. तिसऱ्या पाळीला सगळे धावून जातात. पाइलड्रायव्हरला बरोबरच्या प्रत्येक हल्लेखोर गॉब्लिनमागे दोन ताकद मिळते, म्हणजे पाचांमागे दहा आणि स्वतःची एक. लॅकीची एक, कमांडरच्या दोन, छोट्यांच्या तीन. एकूण सतरा. मग दोन माना खर्चून कमांडर एका छोट्याचा बळी देतो : आणखी दोन. आदल्या पाळीचा एक धरला की वीस, आणि प्रत्येक खेळाडूचे सुरुवातीचे जीवही वीसच. पहिली पाळी तुमची असेल तर समोरच्याला मिळाल्या फक्त दोन. लॅकीवर 'एक्स्टेंडेड' या स्पर्धेच्या प्रकारात बंदी आली याचं मग नवल वाटत नाही.

जमात महत्त्वाची ठरू लागताच जुन्या पानांवरच्या जमातीच्या ओळीतला गोंधळ उघडा पडला. 'अंकल इस्तवान' या पानाची जमात 'अंकल इस्तवान' हीच होती! माणूस ही जमात तर २००३ च्या 'मिरॉडिन'पर्यंत अस्तित्वातच नव्हती. सैनिक होते, जादूगार होते, माणसं नव्हती. २००७ मध्ये 'लॉर्विन'च्या वेळी कंपनीने जुन्या पानांची एकगठ्ठा फेरनोंद केली, आणि गॉब्लिन किंगसारखे सरदारही एव्हाना आपापल्या जमातीत आले. लॉर्विनमध्ये सगळ्याच जमातींत मोडणारे 'चेंजलिंग'ही आले. पुढच्याच संचातल्या बिटरब्लॉसम या पानाच्या जोरावर परींच्या डेकने २००८ च्या स्पर्धांत इतरांना रडकुंडीला आणलं.

आज जमातीचा डेक सर्वांत जास्त दिसतो तो 'कमांडर' प्रकारात. हा प्रकार अलास्कात खेळाडूंनीच सुरू केला, वाढवला तो पंच शेल्डन मेनेरी यांनी. शंभर पानं, साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत, आणि त्यांतला एक मुख्य सरदार, जो सुरुवातीला पटाबाहेर बसतो. चार लॅकी घेता येत नाहीत, म्हणून जमातीतले दुय्यम-तिय्यम गॉब्लिनही कामाला लागतात. कंपनीने २०१७ मध्ये ड्रॅगन, मांजरं, व्हॅम्पायर आणि जादूगार असे चार तयार डेक विकले. त्यांच्या मुख्य सरदारांना 'एमिनन्स' नावाचा गुण दिला, जो सरदार पटावर नसतानाही चालतो. एडगर मार्कोव्ह बाहेर बसूनच तुमच्या प्रत्येक व्हॅम्पायरमागे आणखी एक छोटा व्हॅम्पायर पाठवतो. तो बाहेर असेपर्यंत त्याला मारून हे थांबवता येत नाही. हा हावरटपणा कंपनीच्याही लक्षात आला असावा. त्यानंतर हा गुण नव्या पानांवर क्वचितच दिसला.