दहा हजार तासांचा हिशेब
‘कुठल्याही कामात 10,000 तास घाला, तज्ज्ञ व्हाल,’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतोय. आकडा हवेतून आलेला नाही. 1993 मधल्या एका अभ्यासात उत्तम व्हायोलिनवादकांचा विशीपर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी एवढा भरला होता. पण ती सरासरी. काहींचे तास त्याहून बरेच कमी होते. तेवढे भरले की झालं, असा तो उंबरठा नव्हेच.

टायपिंग बघा. आधी प्रत्येक अक्षर शोधावं लागतं, मग बोटं आपसूक पळतात आणि गंमत म्हणजे वेग तिथेच अडतो. स्वतः तपासा: एका मिनिटाचा वेग लिहून ठेवा. मग पंधरा दिवस, रोज थोडा वेळ, फक्त अडखळणाऱ्या अक्षरजोड्या घोटा. पुन्हा मोजा. फरक बहुधा दिसेल. तासांत मात्र फारशी भर पडलेली नसेल.