कृपा, ईश्वरी (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना. देव सर्वसत्ताधीश आहे आणि तारण हे त्याने मनुष्याची लायकी न पाहता दिलेले दान आहे, असा तिचा आशय. मुख्य आधार पौलाच्या पत्रांचा (रोम. ९–११, इफिस. २:८-९).

सारे देवाच्याच हाती असेल तर मनुष्याच्या होकाराला काय अर्थ, हा वादाचा गाभा. मनुष्य स्वबळावर पापमुक्त जगू शकतो असे मानणाऱ्या पेलाजियसविरुद्ध ऑगस्टीनने (३५४–४३०) कृपेचे अग्रत्व मांडले. ५२९ च्या ऑरेंज परिषदेने विश्वासाचा आरंभही कृपेनेच होतो असे ठरवले. मात्र देव कोणाला पापासाठी नेमतो, हे मत धिक्कारले. या परिषदेचे ठराव मध्ययुगात काही शतके विस्मृतीत गेले होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे उत्तर मध्ययुगीन लेखकांना सरसकट ऑरेंजविरोधी ठरवणे अन्यायाचे होईल.

धर्मसुधारणेनंतर हा वाद प्रॉटेस्टंट पंथांत पुन्हा पेटला. देवाची निवड मनुष्याच्या विश्वासाला धरून होते असे मानणारा डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडली, ती डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) फेटाळली. कॅल्व्हिनवादाचे (तारणासाठी देव काहींना आधीच निवडतो, असे मानणाऱ्या परंपरेचे) ‘पाच मुद्दे’ म्हणून आज जी आद्याक्षरी मांडणी (इंग्रजीत TULIP) पाठ केली जाते, ती विसाव्या शतकाच्या आरंभीची दिसते. डॉर्टच्या ठरावांत त्यांचा क्रमही वेगळा आहे. जॉन वेस्लीने (१७०३–९१) पूर्वगामी, म्हणजे मनुष्याच्या होकाराआधी येणारी, कृपा सर्वांनाच लाभते, पण ती नाकारता येते, अशी भूमिका घेतली. अमेरिकेतील मेथॉडिस्टांसाठी १७८४ मध्ये अँग्लिकन पंथाची ३९ कलमे संक्षिप्त करताना त्याने पूर्वनियोजनाचे, म्हणजे देवाने आधीच केलेल्या निवडीचे, १७ वे कलम गाळले.

बेळगावच्या (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) बाबतीत हे गाळणे महत्त्वाचे ठरते. येथे १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले. सोसायटीतील बहुतेक मिशनरी कॉंग्रिगेशनल, म्हणजे सौम्य कॅल्व्हिनवादी परंपरेतले. कोणतीही विशिष्ट मंडळीव्यवस्था (चर्चच्या कारभाराची पद्धत) लादायची नाही, हे तिचे १७९६ चे धोरण व्यवस्थेपुरते होते, सिद्धान्ताबाबत नव्हे. काही लेखक या दोहोंची गल्लत करतात. बेळगावात जन्मलेले व १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेले मराठी लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) पुढे प्रेसबिटेरियन परंपरेच्या फ्री चर्चमध्ये गेले, हेही त्याच कॅल्व्हिनवादी वळणाचे. १९०४ च्या सुमारास हे मिशन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे सोपवले गेले. अशा रीतीने तीच मंडळी निवडीच्या सिद्धान्ताकडून वेस्लीच्या कलमांकडे आली. मराठी व कन्नड उपासनांत ‘कृपेने तारण’ हीच भाषा दोन्ही काळांत चालत राहिली असावी.

शेजारच्या कोल्हापुरात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते, त्यामुळे निपाणीच्या उत्तरेकडील मंडळ्यांचा वारसा वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राचा, म्हणजे प्रेसबिटेरियनांच्या कॅल्व्हिनवादी मतपत्राचा. १९७० च्या उत्तर भारतीय मंडळीच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) ऐक्यात बेळगावसारखे अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट सामील झाले नाहीत; ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मात्र झाले.

बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ चा. त्याची भूमिका ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेच्या १५४७ च्या आदेशावर आधारलेली आहे: कृपा आधी, मनुष्याचे सहकार्य तिच्याच बळावर. १९९९ मध्ये कॅथलिक व ल्यूथरन यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्र केले. जागतिक मेथॉडिस्ट परिषद त्यात २००६ मध्ये आणि सुधारित मंडळ्यांचा जागतिक संघ २०१७ मध्ये सामील झाला. निवडीचा प्रश्न त्या घोषणापत्राच्या कक्षेबाहेर आहे.