चरबीला पडलेला वेढा

लठ्ठ माणसाच्या पोटातल्या चरबीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की साबणाच्या फेसासारखं काहीतरी दिसतं. तेलानं टम्म फुगलेल्या मेदपेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. त्यातलीच एखादी मेलेली असते आणि तिच्याभोवती लहान, गडद पेशींनी कडं केलेलं असतं. संशोधक या कड्याला मुकुटाची उपमा देतात. या पेशी म्हणजे मॅक्रोफेज, आपल्या प्रतिकारयंत्रणेतल्या भक्षक पेशी. मेलेल्या मेदपेशीतला तेलाचा थेंब इतका मोठा, की तो एकीला गिळणं शक्यच नसतं. म्हणून सगळ्या मिळून वेढा घालतात आणि कडेकडेनं त्याचा फडशा पाडतात.

जंतू नाहीत, जखम नाही, तरी ही फौज इथे जमते. सडपातळ माणसाच्या चरबीतल्या पेशींमध्ये मॅक्रोफेज दहा टक्क्यांहूनही कमी असतात. लठ्ठपणात हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास गेल्याचं २००३ मध्ये दिसून आलं. त्याआधी दहा वर्षं, १९९३ मध्ये, लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे दाह, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची सूज आणणारी प्रतिक्रिया, पेटवणारं प्रथिन सापडलं होतं. ते निकामी केलं, तेव्हा त्या उंदरांच्या शरीरात इन्शुलिन पुन्हा नीट काम करू लागलं. चरबी म्हणजे नुसतं कोठार, ही समजूत तिथे ढासळली.

दाहाचा साखरेशी संबंध कसा? इन्शुलिन पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. आत आयआरएस-१ नावाचं प्रथिन तो निरोप पुढे पोचवतं, आणि मग ग्लुकोज आत घेतलं जातं. टीएनएफमुळे जागी झालेली विकरं या निरोप्यालाच भलत्या ठिकाणी फॉस्फेट चिकटवतात. इन्शुलिन दारात उभं, पण निरोप आत जातच नाही. स्वादुपिंड मग आणखी इन्शुलिन सोडत राहतं. संसर्गाच्या काळात स्नायूंची साखर अशी रोखून ती लढणाऱ्या पेशींसाठी राखणं फायद्याचं असावं, असं मानतात. पण संसर्ग काही दिवसांत उतरतो, आणि चरबीतला हा मंद दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो.

मग दाह विझवला की काम झालं? १८७६ मध्येच एका जर्मन डॉक्टरांनी नोंदवलं होतं, की सॅलिसिलेट या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या मोठ्या मात्रेनं मधुमेहींच्या लघवीतली साखर घटते. ॲस्पिरिन याच कुळातलं. मात्र टीएनएफ रोखणारं औषध मधुमेहींना देऊन पाहिलं, तेव्हा उंदरांत दिसलेला चमत्कार माणसांत दिसला नाही. त्याहून विचारात पाडणारा एक प्रयोग २०१४ मध्ये झाला. ज्यांच्या मेदपेशींत दाह पेटूच शकत नाही, असे उंदीर तयार केले आणि त्यांना तेलकट आहार दिला. ते निरोगी राहायला हवे होते. उलट त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही आणि मेद यकृतात साचला. चरबीला जागा करून वाढायचं, तर थोडी मोडतोड आणि साफसफाई लागतेच. म्हणून मला या पेशींना खलनायक म्हणवत नाही. त्यांचं काम चुकीचं नाही, त्यांना काम संपवायला वावच मिळत नाही.

वजन उतरतानाही त्या लगेच निघून जात नाहीत. लठ्ठ उंदरांचं खाणं कमी केलं, तेव्हा पहिल्या काही दिवसांत चरबीतल्या मॅक्रोफेजची संख्या चक्क वाढली. मेदपेशींतून सुटलेलं तेल कुणीतरी उचलायला हवं होतं. ते उचलून झाल्यावर, काही आठवड्यांत, गर्दी ओसरली.