दुरुस्तीचं बिल आणि दुरुस्तीची तारीख

ब्रिटनमध्ये काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या (भाड्याची घरं चालवणाऱ्या ना-नफा संस्थेच्या) घरातला नळ गळू लागला की प्लंबर येतो आणि काम करून जातो. त्या कामाचा क्रमांक, दरसूचीतला (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतला) कोड, वाढीव कामाची मंजुरी आणि ठेकेदाराचं बिल जुळवणारा कमर्शियल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मात्र भाडेकरूला कधी दिसत नाही.

१८६५ मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागात ऑक्टेव्हिया हिल यांनी जॉन रस्किन यांच्या पैशातून घेतलेली पडकी घरं चालवायला सुरुवात केली. दुरुस्तीसाठी वर्षाला ठरावीक रक्कम बाजूला असे. तोडफोड कमी होऊन त्यातलं काही उरलं, तर त्यातून कोणती सोय करायची हे भाडेकरू ठरवत. हिशेबाची वही आणि घरात राहणारा माणूस इतके जवळ पुन्हा क्वचितच आले.

१९१९ च्या अ‍ॅडिसन कायद्यानंतर काउन्सिलांनी मोठ्या संख्येनं घरं बांधली. अनेक ठिकाणी गवंडी, सुतार, प्लंबर काउन्सिलच्याच पगारावर होते.

खरा बदल झाला १९८० मध्ये. त्या वर्षीच्या कायद्यानं काउन्सिलच्या बांधकाम-दुरुस्ती करणाऱ्या कामगार विभागाला व्यापाऱ्यासारखे स्वतंत्र हिशेब ठेवायला लावले आणि गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के परतावा मिळवायचं बंधन घातलं. एकाच संस्थेतलं एक खातं मालक झालं, दुसरं ठेकेदार. मग प्रत्येक कामाला किंमत लागली, आणि ती तपासायला माणूस लागला. त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्यानं भाडेकरूंना राहतं घर विकत घ्यायचा हक्क दिला. फ्लॅट घेणाऱ्यांकडून सामायिक दुरुस्तीचा वाटा वसूल करणं हे नवं काम या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या टेबलावर आलं. २००३ पासून हा वाटा २५० पौंडांपेक्षा जास्त होणार असेल, तर आधी त्यांचं म्हणणं मागवावं लागतं. ते राहून गेलं की खर्च कितीही झाला तरी प्रत्येकाकडून बहुधा २५० पौंडच हाती लागतात. एका विसरलेल्या पत्राची किंमत एवढी मोठी असते.

काउन्सिलच्या कामगारांना खासगी ठेकेदारांशी स्पर्धा करायला लावणाऱ्या सक्तीच्या निविदा २००० मध्ये संपल्या, दरसूची राहिली. पुढे अनेक कंत्राटं 'दर घरामागे वर्षाला इतके' अशी ठरू लागली आणि वाद त्यात काय धरलेलं नाही यावर सरकला. २०१० मध्ये कॉनॉट ही मोठी ठेकेदार कंपनी कोसळली, तेव्हा स्वस्त निविदांचा प्रश्न उघडपणे चर्चेत आला.

या सगळ्यात बिलाइतकंच तारखेलाही महत्त्व आहे, हे इंग्लंडमधल्या रॉचडेल शहरात फार उशिरा कळलं. डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक घरातल्या बुरशीमुळे गेला. वडील २०१७ पासून सांगत होते. वकिलामार्फत दावा आला, आणि त्यावर एकमत होईपर्यंत दुरुस्ती न करण्याच्या पद्धतीमुळे काम अडून राहिलं. बुरशी मात्र थांबली नव्हती. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये अवाबच्या नावाचा कायदा लागू आहे: तातडीचा धोका २४ तासांत दूर करायचा, गंभीर ओल-बुरशीची पाहणी कामाच्या १० दिवसांत करायची आणि त्यानंतर कामाच्या ५ दिवसांत घर सुरक्षित करायचं. घरमालकानं शक्य ते सगळं केलं का, हे ठरवताना याच टेबलावरच्या नोंदी पुढे येतात: तक्रार कधी आली, काम कोणाला दिलं, माणूस दारात कधी उभा राहिला.