अर्ध्या मिनिटाची भट्टी

पुण्याच्या तांबट आळीत हंडा घडवताना हातोडी पडत गेली की तांब्याचा पत्रा कडक होतो. तसाच ठोकत राहिलं तर चिरतो. म्हणून तांबट तो लाल होईस्तोवर तापवतो. पत्रा मऊ पडतो, पुन्हा ठोकायला मोकळा. विस्कटलेल्या अणूंना उष्णता देऊन जागेवर बसवायचं, याचं नाव अ‍ॅनीलिंग. चिप बनवतानाही हेच करतात, फक्त भलत्याच घाईत.

सिलिकॉनमधून वीज हवी तशी वाहावी म्हणून त्याच्या चकतीत बोरॉन किंवा फॉस्फरस घालतात, आणि त्यासाठी त्यांच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करतात. मारा दांडगा असतो. आत घुसताना हे पाहुणे स्फटिकाची घडी उधळतात आणि स्वतः कुठेतरी सांदीत अडकून बसतात. सांदीतला बोरॉन विजेच्या काही कामाचा नाही. त्याला सिलिकॉनच्या एखाद्या अणूची जागा मिळायला हवी. त्यासाठी साधारण 1000 अंश सेल्सिअस लागतात.

मग भट्टीत अर्धा तास ठेवा की! पूर्वी ठेवतच. पण तापलेले अणू नुसते बसत नाहीत, पसरतातही. ओल्या कागदावर शाईची रेघ फुटते, तसं. चिपमधले ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवले खटके, लहान होत गेले तशी ही फुटलेली रेघ परवडेना. सुटका एका बारकाव्यात होती: तापमान वाढवलं की पसरण्याचा वेग वाढतो, पण मोडतोड सावरण्याचा वेग त्याहून जास्त पटींनी वाढतो. तेव्हा तापवायचं भरपूर, आणि काही सेकंदांत आवरायचं.

त्यासाठी क्वार्ट्झची चपटी पेटी आणि तिच्या वर-खाली हॅलोजन दिव्यांच्या रांगा. दिवे चकतीलाच तापवतात, भिंती त्यामानाने थंड राहतात. सेकंदाला 50 ते 150 अंशांनी तापमान चढतं, दिवे विझले की तितक्या नाही तरी बऱ्याच झपाट्याने उतरतं. आत नायट्रोजन खेळता ठेवायचा, नाहीतर ऑक्सिजन पृष्ठभागावर ऑक्साइड चढवतो. बोट तर लावायचंच नाही. घामातलं सोडियम हे या धंद्याचं जुनं दुखणं, आणि क्लीनरूममधले, म्हणजे चिप बनवायच्या धूळमुक्त खोलीतले, हातमोजे माणसापासून चकतीला वाचवायला असतात.

खरी डोकेदुखी म्हणजे तापमान मोजणं. थंड सिलिकॉनमधून अवरक्त किरणांचा मोठा भाग आरपार जातो. सुमारे 600 अंशांच्या पुढे तो जवळपास अपारदर्शक होतो. त्यामुळे दुरून तापमान वाचणारा पायरोमीटर सुरुवातीला चकतीऐवजी दिव्यांचाच उजेड वाचू शकतो. शिवाय कडा मध्यापेक्षा लवकर निवतात, आणि त्या ताणाने स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरतात.

संशोधनाच्या प्रयोगशाळेत बहुधा अख्खी चकती नसतेच, नखाएवढा तुकडा असतो. चिमट्याने तो सिलिकॉनच्या मोठ्या चकतीवर ठेवतात. तुकडा गॅलियम आर्सेनाइडचा, म्हणजे सिलिकॉनसारख्याच दुसऱ्या अर्धवाहकाचा, आणि त्यावर विजेचा जोड म्हणून सोनं, जर्मेनियम आणि निकेल चढवलेलं असेल तर 400 अंशांच्या आसपास अर्धं मिनिट पुरतं. सोनं-जर्मेनियमचं मिश्रण सुमारे 360 अंशांनाच वितळतं. बाहेर काढल्यावर आरशासारखं सोनं रवाळ, मळकट दिसतं. नवखा माणूस इथे घाबरतो. पण सुया टेकवून वीज सोडली की व्होल्टेज आणि प्रवाहाचा आधी वाकडा येणारा आलेख आता सरळ रेषेत येतो: जर्मेनियम आत शिरून गॅलियमच्या जागी बसलेलं असतं.