घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? सामान घेण्याआधी एवढं वाचा

नाशिकमधल्या आमच्या दुकानात आल्यावर बहुतेक जण आधी माइकची किंमत विचारतात. आम्ही त्यांना बसायला सांगतो आणि उलट विचारतो: गाता की वाजवता? कुठल्या खोलीत बसणार? घरात कुठला कॉम्प्युटर आहे? एवढं कळलं की निम्मं सामान यादीतून आपोआप गळतं. तबल्याच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं, पंचवटीतली भजनी मंडळं, निवृत्तीनंतर पुन्हा पेटी काढलेले काका, गिटारवर स्वतःची गाणी बांधणारी कॉलेजची पोरं, या सगळ्यांना एकच संच लागत नाही. आम्ही तो विकतही नाही.

आधी खोली

खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. टाळी थांबल्यावर मागे झणझण राहिली, तर तीच झणझण तुमच्या प्रत्येक गाण्यात उतरणार. नव्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं: गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, मोठी काचेची खिडकी. माइक जितका चांगला, तितका हा दोष स्पष्ट ऐकू येतो. म्हणून खोली सुधारण्याआधी महागडा माइक घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग विक्री गेली तरी चालेल.

यावरचे उपाय घरातच आहेत. जमिनीवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर एक-दोन गोधड्या टाका. बरेच जण गोधडी फक्त माइकच्या मागे लावतात. पण गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माइक समोरचा आवाज घेतात, आणि माइकच्या समोर गाणाऱ्याबरोबर त्याच्या मागची भिंतही असते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याला पाठ करून बसलात, तरी फरक लगेच कळतो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांचा उपयोग नगण्य, आणि पुठ्ठा पेट घेतो तो वेगळाच धोका. फोमच्या चौकोनी तुकड्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पण बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न थांबत नाही. बाहेरचा आवाज अडवायला जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. द्वारका किंवा मुंबई नाक्याजवळ राहत असाल, तर पहाटेची वेळ धरा. पंखा बंद ठेवा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, तरी सांगतो.

सॉफ्टवेअर: पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च करू नका

फक्त आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायची असेल, तर ऑडॅसिटी पुरतं. ते 2000 सालापासून आहे, मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतं. रोजच्या रियाजाची नोंद ठेवायला किंवा परीक्षेचं गाणं गुरुजींना पाठवायला याहून जास्त काही लागत नाही. त्यात मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारा कीबोर्ड) वाजवून रेकॉर्ड करता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मॅक किंवा आयफोन असेल, तर गॅरेजबँड मोफत मिळतं. नवशिक्यासाठी इतकं सोपं दुसरं क्वचितच सापडेल. अँड्रॉइड फोन किंवा साधा लॅपटॉप असेल, तर बँडलॅब वापरून बघा. तेही मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच उघडतं.

पेटी, तबला आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे स्वतंत्र पट्ट्यांवर, घ्यायचे असतील, तर आमची पसंती रीपरला. 60 दिवस ते पूर्ण क्षमतेने वापरता येतं आणि त्यानंतर घरगुती वापराचं लायसन 60 डॉलरला मिळतं. जुन्या लॅपटॉपवरही ते चांगलं पळतं. पहिल्यांदा उघडल्यावर इतके पर्याय समोर येतात की माणूस दबकतो. त्यासाठी ट्रॅक जोडणं, रेकॉर्ड करणं, कापणं आणि फाइल बाहेर काढणं या चारच गोष्टी आम्ही दुकानात बसवून दाखवतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर मात्र आमच्याकडे मागू नका. त्यातून येणाऱ्या व्हायरसमुळे सगळं रेकॉर्डिंग गमावलेले लॅपटॉप आम्ही पाहिले आहेत.

माइक

माइकचे ढोबळ दोन प्रकार. डायनॅमिक माइक दणकट असतो, जवळचा आवाज घेतो आणि खोलीतला घुमारा कमी उचलतो. शुअरचा एसएम58 हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. 1966 पासून तो स्टेजवर आहे आणि आजही नवा मिळतो. कंडेन्सर माइक बारकावे टिपतो: श्वास, तारेवर बोट सरकल्याचा आवाज, तबल्याच्या चाटीची धार. ऑडिओ-टेक्निकाचा एटी2020 हा त्यातला सुरुवातीला परवडणारा. पण कंडेन्सर शेजारच्या घरातला कुकरही तितक्याच आवडीने टिपतो.

यात आमच्याकडूनही एक चूक झाली होती. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाला आम्ही कंडेन्सर दिला, त्यांचं रेकॉर्डिंग कुठे होणार हे न विचारता. ते देवळाच्या सभामंडपात होतं. टाळ, मृदंग आणि घुमटातला घुमारा यांत शब्द एकही कळेना. माइक परत घेऊन आम्ही त्यांना दोन डायनॅमिक माइक दिले, आणि तेव्हापासून जागा विचारल्याशिवाय माइक हातात देत नाही.

कुठला माइक कशाला, याचा आमचा अनुभव असा. शांत, गोधड्या लावलेल्या खोलीत एकटं गाणं किंवा गिटार असेल, तर कंडेन्सर. रस्त्यालगतच्या घरासाठी डायनॅमिक, तोंडापासून चार बोटांवर. त्याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो. पेटीला माइक भात्यासमोर लावू नका, हवेचा फुसफुसाट येतो. वरून, पट्ट्यांपासून साधारण दीड फुटावर धरा. तबल्याला एकच माइक असेल, तर दायां-बायांच्या मधोमध फूट-दीड फूट वर ठेवा आणि डग्गा दबला तर थोडा त्याच्याकडे झुकवा. ढोल-ताशासाठी खोली विसरा. मोकळ्या मैदानात तीन-चार मीटर लांब उभं राहून डायनॅमिक माइक वापरा, नाहीतर आवाजाची पातळी दाखवणारा मीटर लाल होऊन आवाज फाटतो.

इंटरफेस म्हणजे काय, आणि लागतो का?

माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देणारा हा छोटा डबा. थेट लॅपटॉपला जोडायचा यूएसबी माइक घेतलात, तर इंटरफेस लागत नाही, आणि एकट्या गायकाला किंवा पॉडकास्ट करणाऱ्याला तेवढं पुरतं. पण उद्या तबल्यासाठी दुसरा माइक जोडावासा वाटला, तर तिथेच अडतं. म्हणून ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना आम्ही एक्सएलआर माइक (तीन पिनांच्या केबलने जोडायचा) आणि इंटरफेस सुचवतो. फोकसराइट स्कार्लेट सोलोमध्ये एक माइक आणि एक गिटार जोडता येते. दोन माइक हवे असतील तर त्याच घराण्यातला टू-आय-टू घ्या. चार-पाच हजारांत इतर कंपन्यांचेही चालण्यासारखे इंटरफेस मिळतात. आम्ही दोन्ही ऐकवतो, फरक तुमच्या कानाने ठरवा.

कंडेन्सरला 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. इंटरफेसवर त्याचं बटण असतं. केबल काढण्याआधी ते बंद करा आणि काही सेकंद थांबा.

"माझा आवाज मला उशिरा ऐकू येतो"

ही तक्रार आठवड्याला एकदा तरी येते, म्हणून जरा सविस्तर. कॉम्प्युटर आवाज लहान-लहान घास करून गिळतो. या घासाला बफर म्हणतात. तो 1024 नमुन्यांचा (नमुना म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेलं आवाजाचं एक माप) असेल, तर आत जाताना साधारण 23 मिलिसेकंद आणि बाहेर येताना तितकेच जातात, म्हणजे 46. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे तुमचा तबलजी तुमच्यापासून 16 मीटर लांब बसलाय असं समजा. लय धरणं अशक्यच. रेकॉर्ड करताना बफर 128 वर आणा, आणि मिक्सिंग करताना पुन्हा वाढवा. त्याहून सोपं म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा. मग तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो.

याच कारणाने ब्लूटूथ हेडफोन इथे चालत नाहीत. वायरचे घ्या, आणि कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे. तानपुऱ्याचं ॲप किंवा लेहरा (तबल्यासाठी फिरत राहणारी धून) हेडफोनमध्ये लावून गाताना तो आवाज माइकमध्ये गळू नये, यासाठी. तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर असला, तर पुढे कमी-जास्त करता येतो. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवा: ॲपवरची काळी एक आणि तुमच्या जुन्या पेटीची काळी एक तंतोतंत जुळतीलच असं नाही. आधी पेटीचा सूर ॲपमध्ये जुळवून घ्या, मग रेकॉर्ड करा. गाणं झाल्यावर हा फरक काढता येत नाही, म्हणजे काढता येतो, पण आवाजाचा जीव जातो.

आणखी काही

आवाजाची पातळी ठेवताना सर्वात जोराची तान सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. 24 बिटवर (सॉफ्टवेअरमधली आवाजाच्या बारकाव्याची सेटिंग) घेतलं, तर हळू आवाजही स्वच्छ राहतो. 24 बिट, 44.1 किलोहर्ट्झवर एका माइकचं एक मिनिट म्हणजे साधारण 8 एमबी. तेव्हा वेगळी हार्ड डिस्क ठेवा आणि त्याच संध्याकाळी कॉपी करा.

मागे बारीक घूं असा आवाज येत असेल, तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. तेवढ्याने थांबला, तर दोष बहुधा माइकचा नसून चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा आहे, आणि अर्थिंगला इलेक्ट्रिशियनच लागतो.

पावसाळ्यात, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी, कंडेन्सर माइक वापरून झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा. ओल शिरली की तो चरचरू लागतो.

दुकानात येताना स्वतःचा लॅपटॉप, असतील ते हेडफोन आणि खोलीत वाजवलेल्या त्या टाळीचं फोनवरचं रेकॉर्डिंग घेऊन या. पेटी किंवा तबला आणता आला, तर आणखी बरं. माइक लावून तुमचंच वाजवणं तुम्हाला ऐकवतो, आणि काय घ्यायचं ते त्यानंतर ठरवू.